सुई लपवणाऱ्या मावशी

गप्पूमावशींचं खरं नाव काय, हे दवाखान्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लहान मुलांच्या दातांचा दवाखाना तो. खुर्चीच्या उजव्या अंगाला डॉक्टरीणबाई, डाव्या अंगाला मावशी, आणि मधे आ करून पडलेलं कुणाचं तरी लेकरू. डॉक्टरीणबाईंचे हात चालायचे आणि मावशींचं तोंड. बाई स्वभावानं अबोल. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघायचं ते "आ कर", "शाब्बास" आणि "मावशी, जरा श्वास घ्या." 'गप्पू' हे नाव पोरांनीच पाडलेलं, आणि मावशींना त्याचा राग तर सोडाच, चक्क अभिमान होता. "मी गप्प बसले तर ही सगळी भोकाड पसरतील," असं त्या सांगायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण बडबड ही वरवरची गोष्ट झाली. मावशींची खरी करामत वेगळीच होती. दात झोपवायच्या औषधाची ती इवलीशी काचेची कुपी त्या आधी मुठीत धरून ऊबदार करायच्या, कारण गार औषध जास्त झोंबतं. मग मागच्या टेबलावर पोराकडे पाठ करून ती सिरिंजमध्ये बसवायची. मग एक हात पोराच्या कपाळावर, लाडानं, आणि दुसरा हात सुई घेऊन खालून, पोराच्या हनुवटीच्याही खालून, छातीवरच्या कागदी रुमालाला घासत सरकत जायचा. तिथे डॉक्टरीणबाईंचा हात, न बघता, उघडाच असायचा. सुई या हातातून त्या हातात. कुणाचं डोकं हललं नाही, कुणाची नजर वळली नाही. तोवर तोंडानं मावशींच्या शेजारणीच्या पोपटाची गोष्ट चाललेली असायची. हा पोपट दारावरच्या बेलचा हुबेहूब आवाज काढायचा आणि शेजारीण बिचारी दिवसभर दार उघडून दमायची. एकदा म्हणे त्यानं अशी काही बेल वाजवली की... इथे मावशी थांबायच्या. पोरगं आ केलेल्या तोंडानंच "ऑग?" म्हणायचं, म्हणजे "मग?" आणि त्या "मग?"मध्ये सुई जाऊन परत आलेली असायची.

आहे की नाही कमाल? मावशींना तर वाटायचं, याचं कुठेतरी पदक असायला हवं.

या दवाखान्यात काही शब्दांना बंदी होती. सुई म्हणायचं नाही. इंजेक्शन म्हणायचं नाही. टोचणं, दुखणं, रक्त, सगळ्यांना हद्दपारी. दात "झोपायचा", औषध म्हणजे "झोपेचं पाणी", थुंकी ओढणारी नळी ती "तहानलेली नळी". हा कायदा मावशींनी केलेला आणि त्याची अंमलबजावणीही त्यांचीच. बाहेरच्या बाकावर बसणारे आईबाप मात्र या कायद्याचे अट्टल गुन्हेगार. पोरगं सुखात गोष्टीचं पुस्तक चाळत असायचं आणि एखादा बाप उगाचच त्याच्या पाठीवर थोपटून म्हणायचा, "घाबरायचं नाही हं वाघा, एवढीश्शी तर सुई असते." झालं! वाघाची शेळी झालीच म्हणून समजा. मावशी आतून अशा काही डोळे वटारायच्या की तो बाप पुढच्या वेळी आईला पाठवायचा.

एकूण मावशींचं बरं चाललं होतं. आणि मग टिल्लीचा दात किडला.

टिल्ली ही मावशींची नात, लेकीची लेक. पहिलीत होती, अंगानं एवढीशी, जिभेनं आजीवर गेलेली. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एक दिवस टिल्लीचा गाल फुगला, मावशी नेमक्या बहिणीकडे गेलेल्या, आणि लेकीनं घाबरून पोरीला घराजवळच्याच कुठल्याशा दवाखान्यात नेलं. तिथे तिला सांगितलं, "दाताचा फोटो काढायचाय, आ कर." तिनं आ केला. दोघांनी हात धरले, एकानं डोकं धरलं, आणि फोटोच्या ऐवजी सुई आली. टिल्ली त्या डॉक्टरच्या बोटाला कडकडून चावली. चांगली चावली, असं मावशींचं प्रामाणिक मत होतं. काम तसंच अर्धवट राहिलं, आणि त्या दिवसापासून टिल्लीनं तोंड मिटलं ते मिटलंच. म्हणजे बोलायला उघडायची, खायला उघडायची, पण कुणी आत डोकावायला लागलं की ओठ घट्ट. दातसुद्धा न्हाणीघराचं दार आतून लावून एकटीच घासायची.

"आजी दातांच्या दवाखान्यात हाडं झिजवतेय आणि नातीला भलतीकडे नेलंस!" मावशी लेकीवर कडाडल्या.

"आई, तू नव्हतीस, पोर रडत होती, मी काय करणार होते?" म्हणून लेकही रडायला लागली. मग मावशींनी तिला पाणी दिलं, स्वतःही रडल्या आणि विषय संपवला.

विषय संपला, दात नाही संपला. औषधानं सूज उतरली, परत आली, परत उतरली. मावशींनी टिल्लीला आपल्या दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खुर्चीला हातही लावायला न सांगता, खाली बसून, तिचं हसणं बघता बघता जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. खालची, मागची दाढ. कीड आत, दाताच्या नसेपर्यंत गेलेली. "वेळेत झालं तर इथेच होईल," त्या मावशींना आणि लेकीला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पण तिनं तोंडच उघडलं नाही, तर मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागेल. पूर्ण भूल देऊन करतात. ते काही वाईट नसतं, पण..." त्या 'पण'नं लेकीची झोप उडाली.

टिल्लीनं आजीला एकच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे पण सुई असते?"

आता असल्या प्रश्नांची उत्तरं मावशींनी आयुष्यभर दिलेली. त्यांनी लगेच सुरू केलं, "अगं, तुला माहितेय का, आमच्या शेजारणीचा पोपट..."

"पोपटाचं नको," टिल्ली म्हणाली. "सुईचं सांग."

मावशींनी पोपटाची गोष्ट अर्ध्यावर सोडली. आयुष्यात पहिल्यांदा.

अशात दवाखान्यात ते यंत्र आलं. दिसायला जाडसर पेनासारखं. आत स्प्रिंग. सुई नाहीच. औषधाचा केसापेक्षाही बारीक फवारा एवढ्या जोरात सुटतो की हिरडीतून आपोआप आत शिरतो. टोक हिरडीला टेकवायचं, बटण दाबायचं, फट्, झालं. यंत्र घेऊन आलेल्या माणसानं आधी स्वतःच्या हिरडीवर दाखवलं, मग डॉक्टरीणबाईंनी स्वतःवर करून पाहिलं, आणि मग मावशी पुढे झाल्या. ओठाच्या आतल्या बाजूला फट् झालं. मावशी दचकल्या, मग त्यांनी ओठाला चिमटा घेऊन पाहिला, मग जोरात घेऊन पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की यंत्रवाल्याला वाटलं आज आणखी दोन खपणार. त्या दुपारी मावशींचा निम्मा चहा हनुवटीवरून ओघळला, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच, टिल्ली.

"मॅडम, आता माझी नात तोंड उघडणार!"

"मावशी, एक ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरच्या दातांना हे छान चालेल. पुढच्या, लहान कामांना तर उत्तमच. पण खालच्या मागच्या दाढेची नस खोल, हाडाच्या आत असते. तिथपर्यंत हे पोचेलच असं नाही. तिला एवढ्यात वचन देऊ नका हं."

"बरं," मावशी म्हणाल्या. आणि घरी जाता जाता वाट वाकडी करून लेकीकडे गेल्या, टिल्लीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "सुई नाही. अजिबात नाही. आजीची शप्पथ." स्वभावाला औषध नाही, काय करता!

टिल्लीनं आजीकडे रोखून पाहिलं. मग म्हणाली, "बरं. येईन."

दुसऱ्या दिवशी मावशी इतक्या आनंदात होत्या की त्यांनी एक उद्योग करून ठेवला. त्यांच्या भाच्याचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. त्याच्याकडून त्यांनी हा मोठा फलक करून आणला, बाहेरच्या खोलीत बाकासमोर लावला, आणि मागे सरकून कौतुकानं बघत राहिल्या. वर मोठं चित्र, सिरिंजचं, चांगलं हातभर लांब, त्यावर लाल फुली. खाली ठळक अक्षरात: "इथे सुई नाही! इंजेक्शन नाही! टोचणं नाही! दुखणं नाही!" भाच्यानं जीव ओतून काम केलेलं. सुईच्या टोकावर त्यानं एक थेंबसुद्धा काढला होता.

त्या दिवशी दवाखान्यात जे रणकंदन झालं ते विचारू नका. ज्या पोरांना सुईची आठवणही नव्हती ती दारातच थबकायला लागली. वाचता येणारी मोठ्यानं वाचायला लागली. वाचता न येणाऱ्यांना चित्र पुरेसं होतं. एका मुलीनं थेंबाकडे बोट दाखवून विचारलं, "ते रक्त आहे?" आणि बाकावरचं सगळं लहान मंडळ एका सुरात सुरू झालं. एकजण आईच्या कडेवरून उतरायलाच तयार नाही, एक टेबलाखाली. मावशी आतून धावत आल्या. ज्या शब्दांना इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलं, ते त्यांनी स्वतः रंगवून, खिळा ठोकून भिंतीवर लावले होते.

डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून फलक वाचत होत्या. त्या हसायच्या नाहीत सहसा. त्या दिवशी मास्कच्या आत त्यांचे खांदे हलत होते.

"मावशी, कायदा कुणी मोडला?"

"उतरवते हो," मावशी पुटपुटल्या, आणि फलक तोंड भिंतीकडे करून कपाटामागे गेला.

यंत्राशीही जमवून घ्यायला थोडे दिवस लागले. सुई नव्हती हे खरं, पण ते फट् पोरांना दचकवायचं. शिवाय औषधाचा एखादा थेंब जिभेवर आला की कडू जहर. एक दोघं तर अशी उडाली की डॉक्टरीणबाईंचाच जीव वरखाली झाला. मग मावशींनी युक्ती काढली. आधी नुसतं पाणी भरून यंत्र कागदी रुमालावर उडवून दाखवायचं, आवाज ऐकवायचा, पोराला स्वतः बटण दाबू द्यायचं. तोंडात करायच्या आधी तीन म्हटल्यावर फट् होणार हे सांगायचं. मग जमलं. जमलं म्हणजे फारच छान जमलं. वर्षभर दुधाचा दात काढू न देणारा एक हट्टी वीर तर "अजून एकदा फट् करा" म्हणून बसला. सुईवाल्या पोरांसाठी सुई, फट्वाल्यांसाठी फट्, असं डॉक्टरीणबाई ठरवायच्या. मावशींची खालून सरकणारी करामतही चालूच होती. दोन्हींचं राज्य गुण्यागोविंदानं नांदत होतं.

आणि टिल्लीचा दिवस आला.

टिल्ली एकटी आत आली. आई बाहेर बसली, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघून दगडसुद्धा घाबरला असता. टिल्लीनं खुर्चीवर चढून पाय सोडले, उजेडानं डोळे दिपू नयेत म्हणून मावशी प्रत्येक पोराला द्यायच्या तो काळा चष्मा लावला. तो तिला इतका मोठा की नाकावरून गालावर यायचा. वर दिवा लागला. खुर्ची मागे झुकली. डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितला: काहीही झालं, नको वाटलं, की डावा हात वर, आम्ही लगेच थांबणार. टिल्लीनं हात वर करून बघितला. त्या थांबल्या. पुन्हा केला. पुन्हा थांबल्या. मग तिची खात्री पटली आणि तिनं तोंड उघडलं.

मावशींना तिथेच गहिवरून आलं. पण वेळ नव्हता. गोड मलम, मग यंत्र. एक, दोन, तीन, फट्! टिल्ली दचकली, आणि चक्क हसली. "झिणझिण्या," म्हणाली. मावशींनी डॉक्टरीणबाईंकडे असं पाहिलं, जणू यंत्राचा शोध त्यांनीच लावलाय.

थोडं थांबून डॉक्टरीणबाईंनी काम सुरू केलं. वरवरचं निघालं. थोडं आत गेल्या, आणि टिल्लीचा हात वर झाला. थांबल्या. पुन्हा एकदा फट्. पुन्हा वाट पाहिली. पुन्हा सुरुवात, आणि पुन्हा हात वर. या वेळी चष्म्याच्या खालून एक थेंब कानाकडे गेला. पण ती चावली नाही, आणि तोंडही मिटलं नाही. नुसती थांबली होती.

डॉक्टरीणबाईंनी मावशींना बेसिनपाशी बोलावलं. नळ सोडला, म्हणजे आवाज पोचू नये.

"आतली नस झोपत नाहीये, मावशी. हे मी म्हटलं होतं. सुई लागणार. नाहीतर थांबू, आणि हॉस्पिटलला..."

"नेहमीसारखी द्या," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही शब्द दिलाय तिला."

"तिला कळणार नाही. हिरडी आधीच बधिर आहे, टोचल्याचं कळायचंसुद्धा नाही तिला. माझा हात कुणाला दिसलाय आजवर? सांगा ना, एकाला तरी?"

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे बदलले. "तुम्ही आजी आहात. तुम्ही म्हणाल तसं."

मावशी मागच्या टेबलापाशी गेल्या. कुपी मुठीत धरली. सिरिंज भरली. इतक्या वर्षांत हजारदा केलेलं काम, पण आज कुपी ऊबदार होईना, का मूठच गार पडली होती, देव जाणे. त्यांना सगळं पटत होतं. पोरीचा दात वाचेल. पोर हॉस्पिटलात जायची नाही. कुणाचं काही नुकसान नाही. उलट बाहेर जाऊन ती सांगेल, आजीनं सांगितलं तसंच झालं, सुई नव्हती. त्या परत आल्या, एक हात टिल्लीच्या कपाळावर ठेवला आणि दुसरा खालून सरकवायला सुरुवात केली.

"तर काय सांगत होते, त्या पोपटानं एकदा अशी बेल वाजवली..."

टिल्ली "मग?" म्हणाली नाही. ती काळ्या चष्म्यातून सरळ वर बघत होती. तिच्या एका हातात मावशींच्या एप्रनचा खिसा होता. कधी धरला होता कोण जाणे, पण घट्ट धरला होता, जसा रस्ता ओलांडताना धरायची.

खाली डॉक्टरीणबाईंचा हात उघडा, वाट बघत. मावशींचा हात अर्ध्यात थांबला. "फोटो काढायचाय, आ कर," असं कुणीतरी या पोरीला सांगितलं होतं. त्या माणसाला मावशींनी घरी, लेकीसमोर, काय काय शिव्या घातल्या होत्या! आणि आज त्या स्वतः काय करत होत्या? जरा सफाईनं करत होत्या, एवढंच.

"टिल्ले," त्या म्हणाल्या. "सुई आणलीय मी."

डॉक्टरीणबाईंनी झटकन मान वर केली. या खोलीत तो शब्द त्यांनी मावशींच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"माझ्या हातात आहे. तुला नाही म्हटलं होतं, शप्पथ घेतली होती. माझं चुकलं. त्या यंत्रानं वरवर झोपवलं, आतला दात टक्क जागा आहे. सुईनं झोपेल. पण तू नको म्हणालीस तर नाही द्यायची. मी आत्ताच्या आत्ता परत ठेवून येते."

टिल्लीनं तोंडातला कापूस काढून हातात घेतला.

"मला दिसतेय ती," ती म्हणाली. "मघापासून."

"कुठून?"

टिल्लीनं बोट वर केलं. दिव्याच्या भोवतीची चकचकीत कड. तिच्यात, वाकडी तिकडी पण लख्ख, सगळी खोली होती. मागचं टेबल होतं, ट्रे होता, बेसिन होतं. आणि काळा चष्मा लावला की दिव्याकडे हवं तेवढं बघता येतं, डोळे दिपत नाहीत.

"तू मागे गेलीस, काहीतरी मुठीत धरलंस, मग सुई भरलीस, मग अशी वाकून वाकून खालून आणलीस," टिल्लीनं सांगितलं. "मांजर दूध चोरायला येते ना, तशी."

डॉक्टरीणबाईंच्या तोंडून हसू फुटलं ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मावशी मात्र हातात सुई घेऊन पुतळ्यासारख्या उभ्या.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू सांगतेस का बघत होते."

"आणि नसतं सांगितलं तर?"

टिल्लीनं विचार केला. तिला उत्तर आधीच ठाऊक होतं, फक्त आजीला सांगावं की नाही हे ती ठरवत होती. "तर तोंड मिटून घेतलं असतं," ती म्हणाली. "आणि मग तुझ्याकडे पण नसतं उघडलं. कधीच."

इतक्या थोडक्यात वाचलो आपण! मावशी मटकन स्टूलावर बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात रिकामा नव्हता, एकात सुई, एक नातीच्या कपाळावर. डॉक्टरीणबाईंनीच कागदी रुमालानं त्यांचे डोळे पुसले.

"रडू नकोस," टिल्ली म्हणाली. "दे ती. पण मी बघणार, आणि हळू. पोपटाचं काही सांगायचं नाही."

मग सुई उघड उघड, वरून, सगळ्यांच्या देखत या हातातून त्या हातात गेली. डॉक्टरीणबाईंनी दिवा जरासा वळवून दिला, टिल्लीला कडेत नीट दिसेल असा. त्या काय करतायत ते सांगत गेल्या, आणि त्या दिवशी त्या जितकं बोलल्या तितकं मावशींनी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "आता दाबल्यासारखं वाटेल. आता थोडं जड वाटेल. अजून थोडं. झालं." टिल्लीनं खिसा इतका ओढला की शिवण उसवली. पण हात वर झाला नाही.

"काय वाटलं गं?" मावशींनी विचारलं.

"घाण वाटलं," टिल्ली म्हणाली. "पण एवढं काही नाही."

त्यानंतर दात गाढ झोपला. कीड निघाली, औषध भरलं, वर चांदीसारखी टोपी बसली. टिल्लीचा हात एकदा वर झाला, तो फक्त नाक खाजवायला.

काम संपल्यावर टिल्ली उतरली आणि म्हणाली, "आजी, आता तू झोप. बघ, काय काय दिसतं." मावशी नको नको म्हणेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे झुकवलीसुद्धा. इतकी वर्षं त्या खुर्चीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या मावशी तिच्यात कधी आडव्या झाल्या नव्हत्या. त्यांनी काळा चष्मा लावला आणि वर पाहिलं. डॉक्टरीणबाई मागच्या टेबलाशी जाऊन, पाठ करून, रिकामी सिरिंज उचलून हलवत होत्या. पाठ कसली आणि काय कसलं! एकूण एक बोट दिसत होतं.

"अगंबाई," मावशी म्हणाल्या.

त्यांना एकेक चेहरा आठवायला लागला. वर टक लावून बघणारी ती सगळी गुणी पोरं, जी गोष्टीत रंगलीत असं त्या समजायच्या. तो एक बुटका मुलगा, "झालं का मावशी, जमलं?" असं विचारणारा. ती एक ताई, जी जाता जाता त्यांच्या दंडावर थोपटून गेली होती. त्यांना दिसलं होतं. सगळं दिसलं होतं, आणि ही बाई एवढ्या मेहनतीनं लपवतेय तर तिचं मन कशाला मोडा, म्हणून पोरं बिचारी गप्प बसली होती. पोपटाची गोष्ट खोटी खोटी ऐकत. पदक म्हणे! मावशींना हसू यायला लागलं आणि ते आवरेना. पोट धरून, चष्मा निसटेपर्यंत त्या हसल्या, आणि टिल्लीही अर्ध्या बधिर तोंडानं, वाकडी वाकडी होऊन हसली.

दोघी हात धरून बाहेर आल्या. बाकावरून लेक ताडकन उठली. तिच्या ओठांचा रंग उडालेला. तिनं पोरीचे दोन्ही गाल धरले, तोंडात टोपी पाहिली, आणि मग भीत भीत तिनं आईकडे बघून विचारलं, "सुई नाही ना द्यावी लागली?"

बाकावर आणखी दोन पोरं बसलेली, कान टवकारून. मावशींचं तोंड सवयीनं उघडलं, "छे गं..." म्हणायला.

"दिली," टिल्ली म्हणाली. जाड झालेल्या ओठातून शब्द फुगून येत होते, पण स्पष्ट होते. "आजीनं मला विचारून दिली."

लेक आईकडे बघत राहिली. बाकावरची पोरंही बघत राहिली, रडलं मात्र कुणीच नाही. गप्पूमावशींनी टिल्लीच्या हनुवटीवरून ओघळणारी लाळ एप्रनच्या टोकानं पुसली, आणि पुढच्या पोराला आत बोलावलं.